शेवट सोडून सगळं

कुणी मला म्हणालं, "काहीतरी जबरदस्त सुचव ना, हातातून सुटणार नाही असं," की मी लगेच नाव सांगत नाही. आधी मीच चार प्रश्न विचारते. वाचणार कधी, रात्री की दिवसा? घरात एकटी असतेस का? मधेच उठावं लागेल असं कुणी आहे का, तान्हं मूल, आजारी माणूस? भुताखेताचं चालतं, की खुनापर्यंतच ठीक? शेवट सगळा उलगडलेला लागतो, की मनात खुपत राहिलेला चालतो? समोरच्याला वाटतं, साधं पुस्तकाचं नाव विचारलं तर ही वैद्यासारखी नाडी काय बघते! पण त्याशिवाय मला नाव सुचतच नाही. 'चांगलं पुस्तक' असं मोघम काही नसतंच, निदान या प्रकारात तरी. या माणसाला, या दिवसांत, या घरात झोप उडवील असं एखादंच पुस्तक असतं. ते शोधायचं तर आधी माणूस कळायला हवा.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. दोघी मैत्रिणींनी मिळून फ्लॅट घेतलाय भाड्याने. एका शुक्रवारी तिचा फोन आला. "मावशी, दोन दिवस सुट्टी आहे, काहीतरी भन्नाट सांग." विचारल्यावर कळलं, मैत्रीण नागपूरला घरी गेलेली, ही एकटीच. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, ते मागे घेतलं. तिला म्हटलं, 'समांतर' बघ. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची मालिका, 2020 साली सतीश राजवाडेंनी केलेली. "कशावर आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "एक माणूस ज्योतिषाला हात दाखवायला जातो. ज्योतिषी हात बघतो आणि म्हणतो, हाच हात मी पूर्वी पाहिलाय. दुसऱ्या एका माणसाचा." एवढं बोलून थांबले. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग हळूच, "आणि?"

"आणि काही नाही. बघ."

हा 'आणि?' ऐकू आला की माझं काम झालेलं असतं. पुढे ती बघेल, मग शिरवळकरांची कादंबरी मिळवेल, मग फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद या मंडळींपर्यंत आपली आपणच पोचेल. 'दुनियादारी'वाले शिरवळकर तिला सिनेमामुळे ठाऊक होते. त्यांनी रहस्यकथांचा एवढा मोठा पसारा मांडून ठेवलाय हे तिच्या गावीही नव्हतं. एका वाक्यावर एवढा रस्ता उघडतो. त्या वाक्यात काय घालायचं यापेक्षा ते कुठे तोडायचं याचा विचार मी जास्त करते.

हे शिकले मी मिरजेच्या एका छोट्या खासगी वाचनालयात. एका वाड्याच्या ओसरीवर चार कपाटं, एक टेबल, एक नोंदवही, आणि टेबलामागे एक काका. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, पाठीवर शाईने नंबर. त्यामुळे मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडायची सोयच नव्हती. काका सांगतील ते न्यायचं. काका बोलायचे कमी. पुस्तक परत केलं की ते आधी नोंदवहीत नेल्याची तारीख बघायचे. काल नेलेलं आज परत आलं असेल तर काही न बोलता टेबलाच्या खणातून दुसरं काढून पुढे सरकवायचे. आठवडा लागला असेल तर कपाटाकडे बोट दाखवायचे, तुमचं तुम्ही बघा. खणातली पुस्तकं ही खास, काकांनी कुणासाठी तरी राखून ठेवलेली. आपल्यासाठी खण उघडला जावा म्हणून आम्ही पोरं रात्र रात्र जागून फडशा पाडायचो.

त्या पुस्तकांना एक रोग होता. काही वाचकांना समासात लिहायची खोड असते. 'फारच छान', 'बोअर', 'लेखकाला शाळेत घाला' इथपर्यंत ठीक. पण एखादा महाभाग विसाव्या पानावरच डॉक्टरच्या नावाखाली बॉलपेनने दोन रेघा ओढून लिहून ठेवायचा, 'हाच खुनी'. काका अशा जागा हुडकून काढायचे. लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटाची बारीक पट्टी कापायची, डबीतली खळ बोटाने लावायची, आणि त्या दोन शब्दांवर नेमकी बसवायची, छापील ओळ झाकली जाणार नाही अशा बेताने. पट्टीच्या कडा ते अंगठ्याच्या नखाने दाबत जायचे. दुपारी वाचनालयात कुणी नसताना त्यांचं हे काम चाले. वाचनालयाची वर्गणी महिन्याला काही रुपये. तेवढ्यासाठी कुणी एवढं करत नाही. अजून न वाचलेल्या कुण्या पोराची पहिली खेप नासू नये म्हणून तो माणूस पट्ट्या चिकटवत बसायचा. पुस्तक सुचवणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मला ते नख आठवतं.

त्या ओसरीवर बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती, तोवर पार खिळखिळी झालेली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. हा आकडा लोक हल्ली गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही, आदर वाटतो. गिरणीतून सुटून चाळीत परतलेला माणूस, शाळा चौथीत सुटलेला मुलगा, पानाच्या गादीवर बसलेला पोरगा, यांना सलग शंभर पानं वाचायची सवय कुणी लावली? 'हलकं वाचन' म्हणून ज्याला नाक मुरडलं गेलं त्यानेच. पुढचं प्रकरण उघडायलाच लावील अशा जागी आधीचं प्रकरण सोडणं ही साधी करामत नव्हे. मराठीत उत्तम गद्य लिहिणारे पुष्कळ झाले. दमलेल्या माणसाला रात्री दिवा मालवू न देणारे थोडे. गुरुनाथ नाईकांनीही असाच डोंगर उभा केला. आमच्या समीक्षेने या दोघांची पुरेशी दखल घेतली नाही, ती घेतली ती वाचकांनी, एकमेकांना पुस्तकं सुचवून. परीक्षण नाही, जाहिरात नाही, पुरस्कार नाही. "हे वाचलंस का?" या तीन शब्दांवर हा सगळा प्रकार पन्नास-साठ वर्षं चालला.

मुलांसाठी दार वेगळं होतं. तिथे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उभा असे. फुरसुंगीचा बनेश, काटकुळा, सायकलवर स्वार, आणि संकटातून सुटला की जिभेने 'ट्टॉक' करणारा. ज्याला दहाव्या वर्षी फेणे भेटला त्याला विसाव्या वर्षी काय द्यायचं याची मला कधी चिंता पडत नाही. आणि ज्याने रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला बघून टाळ्या पिटल्या, त्याला मोठेपणी त्याच हातचं 'खेकडा' वाचायला देताना मला विशेष वाटतं. ज्या माणसाने आपल्याला लहानपणी खिदळवलं, तोच आता आपली झोप उडवणार आहे, हे त्याला माहीत नसतं. मतकरी 2020 च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या गूढकथा मी वेळ कमी असलेल्यांना सुचवते. एक कथा, एक बैठक, काम फत्ते. मात्र 'खेकडा' या कथेबद्दल मी एक अक्षर पुढे बोलत नाही. तिच्याविषयी काहीही सांगणं म्हणजे जास्तच सांगणं.

"माझा भूतबीत या प्रकारावर विश्वास नाही," असं छाती पुढे काढून सांगणारे भेटतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे जयंत नारळीकर आहेत. 'वामन परत न आला' द्यायचं. तिथे भूत नाही, अंगारे-धुपारे नाहीत. शास्त्रज्ञ आहेत, खोदकाम आहे, आणि खोदताना सापडलेली एक वस्तू आहे. भीती मात्र तीच आहे, डोक्याच्या वाटेने आलेली. नारळीकरांनी आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नावाच्या वजनावर नव्हे तर कथेच्या वजनावर निकाल लागावा म्हणून. सुचवणाऱ्याला हे फार आवडावं असं आहे. कारण लेखकाचं मोठं नाव सांगून पुस्तक गळ्यात मारणं ही सुचवण्याची सर्वांत आळशी रीत.

त्याहून वाईट रीत एकच. "शेवट बघ, हादरशील!" असं म्हणणं. असं म्हणणारे लोक मनाने चांगले असतात, उत्साहाने बोलतात, आणि घात करतात. खुनी कोण हे त्यांनी सांगितलेलं नसतं हे खरं. पण शेवटी काहीतरी उलटणार आहे हे कळल्यावर वाचणारा प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसतो. साध्या नोकराने चहा आणला तरी त्याच्या कपाकडे लक्ष. मग कथेत राहायचं कधी? लेखकाने गाफील ठेवून आपल्याला नेमक्या जागी आणायचं असतं, आणि हे गृहस्थ दारातच हाताला धरून जागं करतात. म्हणून मी कधी 'धक्का' हा शब्द उच्चारत नाही. पात्राबद्दल बोलते, घराबद्दल, पावसाबद्दल, पहिल्या दहा पानांत येणाऱ्या एखाद्या विचित्र गोष्टीबद्दल. त्या पुढचं माझं नव्हे.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' 1952 पासून चालू आहे आणि प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते, शेवट बाहेर सांगू नका. हिचकॉकने 1960 साली 'सायको' लावला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला. दोघांचीही भिस्त अनोळखी माणसांवर होती. तिकीट काढून आलेला माणूस बाहेर पडून पुढच्या रांगेतल्या माणसाचं भलं बघेल, गप्प राहील, या भरवशावर. मला हा भरवसा फार मोलाचा वाटतो.

पण शेवट न सांगण्याची ही सगळी शिस्त मी लहानपणापासून पाळत आलेय असं नाही. तेव्हा ती कुणीच पाळत नसे, आणि त्याला कारण होतं. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. मुंबई पोलिसांच्या तपासाच्या गोष्टी, शिवाजी साटम, दीपक शिर्के, आणि करणारे बी. पी. सिंग, ज्यांनी पुढे 1998 मध्ये 'सीआयडी' सुरू केली. ज्या दिवशी मालिका त्याच दिवशी आमच्या भागातली वीज जायची असा जणू नियमच होता. भाग चुकला तो चुकला. पुन्हा बघायला काही साधन नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत, ज्यांच्या पेठेत वीज होती त्या मुलींभोवती आम्ही कोंडाळं करायचो आणि म्हणायचो, सगळं सांग. खुनी कोण, कसा सापडला, शेवटी काय म्हणाला, सगळं. तिथे शेवट राखून ठेवणारी मुलगी दुष्ट ठरली असती.

आत्याने मला 'पाठलाग' असाच सांगितला. राजा परांजपेंचा, 1964 चा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. जयंत देवकुळेंच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून केलेला. दोन वर्षांनी त्याचा हिंदीत 'मेरा साया' झाला तो बहुतेकांना ठाऊक असतो. बायको गेलेला एक माणूस, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, आरोपी म्हणून समोर आलेली बाई. आत्याने तो सिनेमा लग्नाआधी कधीतरी पाहिला होता, आणि मला सांगायची मटार सोलता सोलता, शेंगांचा ढीग संपेपर्यंत. आमच्या गावात तो पुन्हा लागण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे तिने शेवटासकट सांगितला, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सांगितला, मीच मागितला म्हणून. पुष्कळ वर्षांनी मी तो सिनेमा पाहिला. सगळं माहीत असून खुर्चीला खिळून बसले. एक मात्र झालं. आत्याच्या 'पाठलाग'मध्ये कंदील घेऊन विहिरीपाशी गेलेली एक म्हातारी होती. ती मला पडद्यावर दिसली नाही. ती आत्याची होती. कुठल्या दुसऱ्या गोष्टीतून तिच्याकडे आली, की मटार सोलताना त्या क्षणी जन्मली, हे विचारायला आत्या आता नाही.

या म्हातारीमुळेच मला 'तुंबाड' या चित्रपटाच्या जन्माची हकिकत इतकी जवळची वाटते. त्याचा दिग्दर्शक राही अनिल बर्वेने ती मुलाखतींतून सांगितली आहे. 1993 साली, विदर्भातल्या नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका मित्राने त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. तो तेव्हा शाळकरी पोर. जाम घाबरला. ती गोष्ट त्याच्या मानगुटीवर बसली ती बसलीच. 1997 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांची चित्रफलकांची वही केली. निर्माते आले, गेले. 2012 मध्ये एकदा चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही, पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं, ते 2015 मध्ये संपलं. चित्रपट लागला 12 ऑक्टोबर 2018 ला. जंगलातल्या त्या गोष्टीपासून पडद्यापर्यंत पंचवीस वर्षं. चित्रपटाला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. आणि राहीचे वडील अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे.

यातली गंमत पुढेच आहे. धारपांची ती गोष्ट, 'आजी', मुळात स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. घरात एकटं पडलेलं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी. अमेरिकेतल्या मेन प्रांतात बसून एकाने लिहिली. पुण्यात बसलेल्या धारपांना ती भावली, त्यांनी तिला मराठी घरात आणून बसवलं. धारपांच्या बाबतीत हे नवं नाही. त्यांच्या 'लुचाई'त किंगच्या 'सालेम्स लॉट'चा ठसा उघड दिसतो. काही जाणकार यावरून त्यांना कमी लेखतात. मूळ लेखकाचा उल्लेख ठळक असायला हवा होता, हे मला मान्य. पण मराठी वाचकाच्या पोटात भीतीने गोळा यावा असं वातावरण उभं करणं, ओसरी, माजघर, देवघरातला मंद दिवा, संध्याकाळी दार लावताना होणारी कडीची खडखड, हे काही कुणाकडून उसनं मिळत नाही. जे इंग्रजीत वाचणार नाहीत अशा हजारो वाचकांना धारप त्यांच्या परीने सुचवतच होते, हे वाचा, असं आहे ते, आपल्या घरात घडलं असतं तर असं घडलं असतं. मग त्या मित्राने ती धारपांकडून घेतली आणि जंगलात अंधारात सांगितली. त्याने काय गाळलं, काय पदरचं घातलं, कुठे थांबला, कुणास ठाऊक. पण एका पोराने दुसऱ्याला गोष्ट सांगितली नसती तर 'तुंबाड'मधली साखळदंडाची ती म्हातारी आपल्याला दिसली नसती.

आणि मग प्रेक्षकांनी तेच केलं. पहिल्या वेळी चित्रपटगृहांत 'तुंबाड' फार चालला नाही. ज्यांनी पाहिला ते मात्र गप्प बसले नाहीत. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले, पावसाळ्यात बघ, दिवे घालवून बघ. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. आमच्या शेजारचे काका, आयुष्यात कधी भयपट न पाहिलेले, नातवाच्या आग्रहाने गेले आणि परत येऊन मलाच सांगू लागले की बघाच. मी तो पाहिलाय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना सांगू दिलं. छान सांगितला त्यांनी, आणि अगदी योग्य जागी थांबले.

कारण सुचवणाऱ्याचं एक दुःख असतं. ते पुस्तक, तो सिनेमा त्याला आता पहिल्यांदा मिळणार नसतो. रहस्य एकदाच फुटतं. मग उरतो तो दुसऱ्याचा चेहरा. निशिकांत कामतचा 'दृश्यम' मी आमच्या दाजींबरोबर पाहिला. त्यांनी मूळ मल्याळम पाहिलेला नव्हता, हा हिंदीही पहिल्यांदाच बघत होते. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. गोव्यातला तो केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास, सिनेमे बघून बघून शहाणा झालेला. आपल्यासारखाच एक शौकीन, फक्त वेळ पडल्यावर त्याने त्या पाहण्याचा उपयोग केला. दाजी आधी रेलून बसले होते. मग पुढे सरकले. मग हातातली वाटी कधी खाली ठेवली त्यांनाच कळलं नाही. शेवटच्या दृश्याला त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला माहीत होतं, आणि तू एवढा वेळ गप्प बसलीस?" एवढी मोठी पावती मला फारशी कुणी दिलेली नाही.

हल्ली पडद्यावर ओळीच्या ओळी येतात, तुमच्यासाठी खास निवडलेलं. काही वेळा नेमकं काढतात, नाही असं नाही. पण तिथे कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. मी तुला नाव सुचवते तेव्हा माझ्या आवडीची, थोडी माझ्या शहाणपणाचीही परीक्षा असते. तू अर्ध्यात सोडलंस तर मला लागतं. आवडलं तर तू मध्यरात्री मला फोन करणार असतेस, आणि मी तो उचलणार असते.

माझी कसोटी एकच. शेवट कळल्यावर पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं का? ज्या कथेत सगळा जीव शेवटच्या पानात असतो, ती मी सुचवत नाही, कितीही गाजलेली असो. वाचकापासून लपवायला लेखकाने लबाडी केली असेल तर मुळीच नाही. श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' मी कितीदाही बघू शकते. आंधळा पियानोवादक, पुण्यातले बंगले आणि जिने, आणि शेवट असा की दोन माणसं एकच सिनेमा बघून बाहेर पडतात आणि दोन वेगळ्या गोष्टी घेऊन जातात. त्याचा शेवट सांगून टाकायची भीतीच नाही. ज्याने त्याने आपला ठरवायचा. राघवनचा 'जॉनी गद्दार' सुरू होतो तो जेम्स हॅडली चेस आणि विजय आनंद यांना केलेल्या अर्पणाने. रस्त्याकडेला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून चेस उचलणाऱ्या सगळ्यांना त्या पाटीने आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं असणार. दिग्दर्शकही शेवटी आपल्याला काहीतरी सुचवतच असतो.

आता मला छळणारी गोष्ट. मी नावं सांगते, लोक उत्साहाने लिहून घेतात, आणि चार दिवसांनी फोन येतो, कुठेच मिळत नाही. धारप, मतकरी पुन्हा छापले जातात, हे चांगलं आहे. शिरवळकरांच्या पुष्कळ कादंबऱ्या मिळतात. पण अर्नाळकरांच्या हजारातल्या किती? निवडक काही नव्याने आल्या, त्या हातावर मोजण्याइतक्या. गुरुनाथ नाईकांच्या? जुन्या 'नवल'चे, 'धनंजय'च्या दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे कुठे आहेत? ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापली गेली, हातोहात फिरली, खिळखिळी झाली, आणि वाचनालयांनी जागा नाही म्हणून ती सर्वांत आधी काढली. मिरजेच्या त्या ओसरीवरची कपाटंही कधीच उठली. पाकिटाच्या पट्ट्या चिकटवलेली ती पुस्तकं रद्दीतच गेली असणार.

जे पुस्तक मिळतच नाही त्याचा शेवट राखून ठेवण्यात काय अर्थ? अशा पुस्तकांच्या बाबतीत मी अलीकडे आत्याची रीत धरलीय. भाची आली की तिला बसवून सगळं सांगते, काळापहाड कुठे लपला, कसा निसटला, शेवटी काय झालं. माझ्या आठवणीत जेवढं उरलंय तेवढं. पण सांगताना जाणवतं, मधले दुवे निसटलेत, नावं बदललीत, माझ्याही एकदोन म्हाताऱ्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्यात. गोष्ट राहते, पुस्तक जातं. मला पुस्तकही राहायला हवंय.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, गावच्या घरातल्या ट्रंकेत, आजोबांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात अशी खाकी कव्हरातली लहान पुस्तकं असतील, तर रद्दीवाल्याच्या काट्यावर घालायच्या आधी कव्हर काढून नाव वाचा. गावातल्या जुन्या ग्रंथालयाला विचारा, ठाण्याच्या, पुण्याच्या, दादरच्या ग्रंथसंग्रहालयांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर या प्रकाराचं वेड असलेला एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेलच, त्याला द्या. फक्त देण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे ना, तेवढं बघा.